वाचनाच्या बदलत्या सवयी आणि पुस्तकांचे भवितव्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलातील लहानशा वाचनालयाचे काम मी पाहते. देवघेवीच्या टेबलापाशी, संकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर आणि ऐरोली-वाशीकडच्या ओळखीच्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते त्यांच्याच शब्दांत येथे घेतले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळेत असताना दोन दिवसांत एक कादंबरी संपवत असे. आता महिन्यात पन्नास पानेही होत नाहीत. माझी वाचनाची आवड गेली असे समजायचे का?

तसे समजू नये. ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी विचारते : तेव्हा कुठे बसून वाचत होता, दिवसाच्या कोणत्या वेळी वाचत होता आणि पुस्तक कोण आणून देत होते. उत्तरे बहुधा एकमेकांसारखी येतात. मे महिन्याच्या सुट्टीतली दुपार, आजोळची ओसरी आणि पुस्तक हाती ठेवणारी मावशी, मोठा भाऊ किंवा शाळेतल्या ग्रंथालयाच्या बाई. यांतले आज काहीच उरलेले नसते. आवड मात्र होती तशीच असते, म्हणून तर न वाचल्याची रुखरुख लागते. आवडीची चिंता सोडून या तिनांपैकी एक गोष्ट पुन्हा जमवावी. घरात दिव्याजवळची एक खुर्ची पुरते. वेळेविषयी प्रश्न ५ आणि पुस्तक हाती येण्याविषयी प्रश्न १३ पाहावा.

२. मुलगी नुकती अक्षरे जुळवू लागली आहे. आता वाचून दाखवणे थांबवावे का, म्हणजे ती स्वतः वाचेल?

थांबवू नये. सहा-सात वर्षांचे मूल जोडाक्षरांशी झटत असते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द फोडून वाचेपर्यंत वाक्याचा आरंभ त्याच्या डोक्यातून निसटलेला असतो. त्याच वयात कानाने मात्र ते बरीच लांब आणि गुंतागुंतीची गोष्ट सहज पेलते. ऐकून समजणे हे वाचून समजण्याच्या कितीतरी वर्षे पुढे चालते. मधल्या काळात मुलाला केवळ स्वतःच्या वाचनावर सोडले, तर त्याच्या वाट्याला त्याच्या बुद्धीपेक्षा फार सोपी पुस्तके येतात आणि वाचन कंटाळवाणे असते असा समज पक्का होतो. म्हणून तिने रोज एक पान वाचावे आणि आपण पाच पाने वाचून दाखवावीत, असे दोन्ही चालू ठेवावे. बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. वाचून दाखवण्यासाठी त्यांइतका भरवशाचा साठा माझ्या माहितीत दुसरा नाही.

३. बाराव्या वर्षापर्यंत अधाशासारखा वाचणारा मुलगा एकदम थांबला. काय चुकले?

बहुधा काहीच चुकलेले नसते. त्या वयात शाळा आणि क्लास मिळून वाचणे म्हणजे अभ्यास असे समीकरण बनवतात. शिवाय मराठीत बालसाहित्याचे कपाट आणि मोठ्यांचे कपाट यांच्या मधला खण फारसा भरलेला नाही. या मुलांना सरळ मोठ्यांच्या कपाटाशी नेऊन उभे करावे आणि शिकारकथा, रहस्यकथा, गिर्यारोहणाची किंवा खेळाडूंची चरित्रे समोर ठेवावीत. काय वाचलेस, काय समजले, अशी उलटतपासणी करू नये. दहावी-बारावीच्या वर्षांत आमच्या नोंदवहीतून गेलेली काही नावे एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी आपणहून परत आलेली मी पाहिली आहेत.

४. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी अक्षरे येतात, पण पुस्तक जड जाते. त्यांच्या आजोबांची पुस्तके तर त्यांना अजिबात वाचता येत नाहीत. त्यांनी मराठी वाचनाकडे वळावे कसे?

हे दोन वेगळे अडसर आहेत. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे अनिवार्य झाले आहे, त्यामुळे लिपी बहुतेक मुलांना येते. अडते ते शब्दांपाशी. घरात बोलली जाणारी मराठी आणि छापील मराठी यांच्यात अंतर असते, आणि ते ओलांडण्यासाठी मी नाटकाचे पुस्तक देते. नाटकात सगळी वाक्ये बोलण्यातली असतात. दोघांनी दोन भूमिका घेऊन मोठ्याने वाचले की कठीण शब्दाचा अर्थही प्रसंगातून उलगडतो. गडकरी रंगायतनला नाटक पाहून आल्यावर त्याची संहिता मागणारी मुले आमच्याकडे येतात, हे मला फार मोलाचे वाटते.

आजोबांच्या पुस्तकांचा अडसर शुद्धलेखनाचा आहे. १९६२ मध्ये नवे लेखननियम लागू होण्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘घरें’, ‘माझें’, ‘नाहीं’ असे उच्चारात न येणारे अनुस्वार असतात आणि मुलाला ते प्रत्येक शब्दावर ठेचकाळायला लावतात. पहिली दोन पाने मोठ्या माणसाने वाचून दाखवावीत आणि हे टिंब वाचायचे नाही एवढेच सांगावे. साधारण दहाव्या पानापासून डोळा सरावतो.

५. नोकरी आणि प्रवास यांतून वेळ काढायचा कुठून?

प्रवासातूनच. ठाणे-वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो. जाता-येता मिळून एक तास झाला. गर्दीमुळे त्यातला निम्माच वेळ हाती लागला आणि एका पानाला दोन मिनिटे लागली, तरी दिवसाला पंधरा पाने आणि महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत पावणेचारशे पाने होतात, म्हणजे एक जाडजूड कादंबरी. अट एकच : पुस्तक डब्याच्या पिशवीत तळाशी न ठेवता हाताला लागेल अशा कप्प्यात ठेवावे, कारण रबाळे किंवा घणसोलीला अचानक जागा मिळाली तर ती दहा मिनिटे पुस्तक शोधण्यात जाऊ नयेत. उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी कथासंग्रह किंवा ललित लेखांचे बारीक पुस्तक घ्यावे. जाड बांधणीचे पुस्तक एका हातात उघडे राहत नाही. लेडीज डब्यात दाराच्या बाजूला टेकून, खांद्यावरची पर्स कोपराने दाबून, पुठ्ठ्याच्या कव्हरात घातलेली पोथी रोज तुर्भ्यापर्यंत वाचणाऱ्या एक बाई मला कित्येक महिने दिसत होत्या. ते पाहिल्यापासून वेळ नाही ही सबब मी स्वतःला देऊ शकलेले नाही.

६. चाळिशीनंतर दोन पाने वाचली की डोके दुखते. हे वयाचे की सवय सुटल्याचे?

आधी डोळ्यांचे समजावे. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला आणि त्या वयालाही ‘चाळिशी’ हा एकच शब्द आहे, आणि तो अचूक आहे. डोळ्यातील भिंगाची लवचीकता वयाबरोबर कमी होते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर धूसर होऊ लागते. वाचक पुस्तक लांब धरतो, मग मान आखडते, मग पुस्तक मिटतो आणि म्हणतो की हल्ली वाचनात मन रमत नाही. देवनागरीत हा त्रास अधिक जाणवतो, कारण मात्रा, रफार, उकार आणि जोडाक्षरांची पोटे ओळीच्या वर-खाली दाटीने बसलेली असतात.

दुसरी बाब उजेडाची आहे. वयाबरोबर बाहुली आकुंचन पावते आणि भिंग पिवळसर होते, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. छताच्या दिव्यावर अवलंबून न राहता पानावर पडणारा वेगळा दिवा घ्यावा. डोळे तपासून चष्म्याचा नंबर दर एक-दोन वर्षांनी पाहून घ्यावा आणि मोतीबिंदूची शंका असेल तर टाळाटाळ करू नये. पोथ्यांवर पूर्वीपासून ‘मोठा टाइप’ असे छापलेले असते. पोथी छापणाऱ्यांनी आपला वाचक म्हातारा होतो हे ओळखले होते. कथा-कादंबऱ्यांच्या प्रकाशकांनी ते अजून पुरेसे ओळखलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना छापील अक्षर कोणत्याच चष्म्याने पुरत नाही, त्यांनी अक्षर हवे तेवढे मोठे करता येणारे ई-वाचनयंत्र निःसंकोच घ्यावे. त्याचा ई-शाईचा पडदा बाहेरच्या उजेडात कागदासारखा दिसतो.

७. दिवसभर मोबाइलवर काही ना काही वाचतच असतो. ते वाचनात धरायचे का?

काय वाचता त्यावर अवलंबून आहे. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात १,७०,००० हून अधिक वाचकांची माहिती होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा अधिक समजला आणि वेळेची मर्यादा असताना हा फरक वाढला, असे त्यात दिसले. केवळ कथात्मक मजकुराबाबत मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे लोकलमध्ये मोबाइलवर कादंबरी वाचणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. परीक्षेचा अभ्यास, करारनामा किंवा औषधाविषयीची माहिती मात्र शक्य तेव्हा कागदावर वाचावी. पडद्यावर वाचताना नजर सरकत जाण्याची सवय लागते आणि ती सवय गंभीर मजकुरापर्यंत सोबत येते. सूचना बंद ठेवणे हा यावरचा पहिला उपाय आहे.

८. ऑडिओबुक ऐकणे म्हणजे वाचणे का? आईला दिसत नाही, म्हणून ती ऐकते, पण ‘आता वाचन संपले’ असे म्हणून खंतावते.

आईंना सांगावे की आपल्याकडे ग्रंथ शतकानुशतके कानानेच पोहोचला आहे. चातुर्मासात घरात पोथी लागे, एक जण वाची आणि बाकीचे घर वाती वळत, भाजी निवडत ऐके. त्या ऐकणाऱ्यांना ग्रंथ ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? गोष्ट, चरित्र, आठवणी हे सर्व कानाने उत्तम पोहोचते. मागे जाऊन ताडून पाहावा लागणारा वैचारिक ग्रंथ ऐकताना हातून निसटतो, ही मर्यादा आहे. ती मान्य करून तसा ग्रंथ कोणीतरी समोर बसून, थांबत थांबत वाचून दाखवावा.

दृष्टिहीन वाचकांसाठी कायद्यातही सोय आहे. त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक उपलब्ध करून देण्यासाठी भारतीय कॉपीराइट कायद्यात अपवाद आहे, आणि याच हेतूने झालेल्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. सर्वसाधारण प्रती काढण्याबद्दल प्रश्न १५ पाहावा.

९. पुस्तक अर्धवट सोडले तर चालते का?

चालते. पन्नास पानांनंतरही ओढ वाटली नाही तर परत करावे. अडकून पडलेले एक पुस्तक पुढची पाच अडवते.

१०. वाचलेले काहीच लक्षात राहत नाही. मग वाचून उपयोग काय?

तपशील विसरणे स्वाभाविक आहे आणि ते तरुणपणीही होतच असते, फक्त तेव्हा आपण मोजत नाही. संदर्भासाठी वाचत असाल तर पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ठेवलेल्या चिठ्ठीत पानक्रमांक आणि दोन शब्द लिहावेत. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही खुणा करू नयेत, एवढी विनंती. आनंदासाठी वाचत असाल, तर वाचताना झालेला आनंद हा उपयोग पुरेसा आहे.

११. निवृत्त झाल्यावर भरपूर वाचायचे ठरवले होते. वेळ आहे, पुस्तके आहेत, तरी होत नाही. असे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. नोकरीत असताना वेळेला कुंपण असते : गाडी सुटेपर्यंत, डबा खाऊन होईपर्यंत. त्या कुंपणातच वाचन होत असते. दिवस मोकळा झाला की पुस्तक ‘नंतर’ वर जाते. यासाठी पोथीची रचना पाहण्यासारखी आहे. दासबोधात वीस दशक आहेत आणि प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. रोज एक समास वाचणाऱ्याचा ग्रंथ दोनशे दिवसांत पूर्ण होतो आणि आज कुठे थांबायचे हे त्याला ठरवावे लागत नाही. हीच शिस्त कोणत्याही पुस्तकाला लावता येते. सकाळच्या चहानंतर एक प्रकरण वाचावे, मनात असले तरी दुसरे उघडू नये. तलावपाळीवर फिरून आल्यावर बाकावर बसून रोज नेमकी दहा पाने वाचणारे एक गृहस्थ आमचे सर्वांत नियमित सभासद आहेत.

या वयात आवडही पालटते, त्याची भीती बाळगू नये. कादंबऱ्या सोडून चरित्रे, इतिहास आणि आठवणींकडे वळणारे अनेक जण असतात. विशीत डोक्यावर घेतलेले पुस्तक साठीत फिके वाटले तर पुस्तकाला दोष देऊ नये आणि स्वतःलाही. उलट, तेव्हा कंटाळवाण्या वाटलेल्या एखाद्या पुस्तकाला आता दुसरी संधी द्यावी. त्यातला म्हातारा बाप तेव्हा आपल्याला दिसलाच नव्हता, असे एका सभासदांनी मला पुस्तक परत करताना सांगितले होते.

१२. छापील पुस्तके बंद होतील का?

काही प्रकारची झालीच आहेत. रेल्वेचे वेळापत्रक आणि टेलिफोन डिरेक्टरी आता कोणी छापील शोधत नाही, आणि मराठी विश्वकोशही लोक संकेतस्थळावरच पाहतात. कथा, कविता, मुलांची चित्रपुस्तके आणि पोथ्या मात्र छापील राहतील असे मला वाटते, पण लहान आवृत्तींत. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याऐवजी मागणीनुसार शे-दोनशे प्रती छापणे आता शक्य झाले आहे. त्यामुळे पुस्तक बाजारातून लवकर दिसेनासे होते, पण कायमचे संपत नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. तिथपासून मोजले तर मराठी छपाईला सव्वादोनशे वर्षेही झालेली नाहीत, आणि त्याआधीचे आपले बहुतेक सारे वाङ्मय हाताने नकलून घेतलेल्या सुट्या पानांच्या पोथ्यांतून आले. रूप बदलण्याची सवय आपल्या ग्रंथांना आहे.

टिकण्याच्या बाबतीत मात्र मी कागदाच्या बाजूची आहे, आणि त्याला कारण आहे. नौपाड्यातील एका मंडळाने १९९८ सालची आपली स्मरणिका पुन्हा छापायची म्हणून फ्लॉपी आमच्याकडे आणली. ती वाचणारे यंत्र मिळवण्यातच तीन आठवडे गेले. फाइल उघडली तेव्हा मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खच दिसला, कारण मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सर्व संगणकांवर मराठी अक्षरे सारखीच दिसण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या एका जुन्या फाँटमध्ये टंकित केलेला होता. शेवटी एका आजींच्या ट्रंकेत सापडलेल्या, कोपरे कुरतडलेल्या छापील प्रतीवरून सर्व पुन्हा टंकित करावे लागले. डिजिटल प्रत ठेवायची असेल तर ती युनिकोडमध्ये, दोन ठिकाणी आणि दर काही वर्षांनी उघडून पाहत ठेवावी. स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की १९५४ च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. आपल्या घरातली प्रत गेली तरी तिथली राहते.

१३. सगळे ऑनलाइन मिळत असताना वाचनालयाचे सभासद कशासाठी व्हायचे?

कारण शोधायचे काय हे ऑनलाइन आधी ठाऊक असावे लागते. कपाटासमोर उभे राहिल्यावर आपण मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारचे पुस्तक हाती येते. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिले, मुंबईचे संग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी. अशा संस्था असलेल्या शहरात राहून सभासद न होणे म्हणजे नदीकाठी राहून टँकर मागवण्यासारखे आहे. सभासदत्वासाठी सहसा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, परत मिळणारी अनामत आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी लागते. १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान त्या वर्गावर ठरते. सभासदसंख्येचाही त्यात विचार होतो, त्यामुळे आपण वाचत नसलो तरी नाव नोंदवलेले वाचनालयाच्या कामी येते.

आणखी एक. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची पट्टी जरूर पाहावी. एकाच पुस्तकावर १९८६, १९९१, २००४ आणि गेल्या महिन्याचा शिक्का पाहिला की हे पुस्तक कोणाकोणाच्या घरी राहून आले असेल, असे मनात येते आणि ते उघडण्याची इच्छा होते.

१४. विकत घेतलेले ई-पुस्तक माझेच ना? मी ते मुलीला देऊ शकते का?

बहुतेक विक्रेत्यांच्या अटींनुसार आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो. २००९ मध्ये एका मोठ्या विक्रेत्याने हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण वाचकांनी केलेल्या नोंदी अडचणीत आल्या. परवाना सहसा खातेदारापुरता असतो आणि वारसाहक्काने जाईलच असे नाही. जे पुस्तक पुढच्या पिढीला द्यायचे आहे ते छापील घ्यावे. जी ई-पुस्तके संरक्षक कुलुपाविना इपब या फाइल-स्वरूपात मिळतात, ती स्वतः जपून ठेवता येतात.

१५. जुन्या पुस्तकाची पीडीएफ गटावर टाकली तर चालते का? पुस्तक बाजारात मिळतच नाही.

बाजारात न मिळणे म्हणजे हक्क संपणे नव्हे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. अपवाद येथेच अडचणीत आणतात. निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. दोन लेखक असतील तर शेवटी वारलेल्याचे वर्ष धरतात. मूळ ग्रंथ खुला असला तरी त्याच्या अनुवादाचा, प्रस्तावनेचा आणि चित्रांचा हक्क स्वतंत्र असतो. हयात लेखकाचे पुस्तक गटावर फिरवले की तोटा कोणाला होतो हे वेगळे सांगायला नको. तीन-चारशे प्रतींच्या आवृत्तीत पन्नास प्रती फार असतात. पुस्तक खरोखर दुर्मीळ असेल तर वाचनालयात संदर्भासाठी मागावे किंवा प्रकाशकाला पुनर्मुद्रणाविषयी पत्र लिहावे. दहा वाचकांनी मागणी केल्यावर पुस्तक पुन्हा निघाल्याचे मी पाहिले आहे.

१६. वडील गेले. त्यांची आठशे पुस्तके आहेत आणि आमचे घर दोन खोल्यांचे. काय करावे?

घाईने रद्दीत देऊ नये आणि एकदम सगळी वाचनालयाला पाठवूही नयेत. आमच्याकडे आधीच असलेली पुस्तके आम्हालाही ठेवता येत नाहीत. प्रथम एका वहीत नावे, लेखक आणि प्रकाशनवर्ष यांची यादी करावी. ती घेऊन गेल्यास वाचनालय काय घेऊ शकेल ते लगेच सांगते. जुन्या मासिकांचे सलग संच आणि दिवाळी अंक वेगळे काढावेत, त्यांना अभ्यासक शोधत असतात.

खाडीजवळच्या दमट हवेत कसर आणि बुरशी लवकर धरते, म्हणून पावसाळ्यात पुस्तके भिंतीला चिकटून किंवा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नयेत. कपाटात मागे दोन बोटे जागा सोडावी आणि ऊन पडलेल्या दिवशी दारे उघडी ठेवावीत. वाळवी दिसल्यास ते पुस्तक तत्काळ इतरांपासून दूर करावे.

घरी किती ठेवावीत याचे माझे माप असे : एका खणात मावतील तेवढी, आणि तीही ज्यांच्या पानांत त्यांचे हस्ताक्षर आहे ती. माझ्या वडिलांच्या पुस्तकांत लोकलचे पास, लाँड्रीच्या पावत्या आणि एका कवितासंग्रहात माझ्या जन्माच्या दिवसाची तारीख निघाली. देणगी देताना पहिल्या पानावरचे नाव खोडू नये, ते पान फाडू तर नयेच. आम्ही त्याच्या खाली आमचा दाखल क्रमांक घालतो आणि दोन्ही तसेच राहू देतो.